गाडी भाड्याने घेताय? निघण्याआधी बिल मांडून घ्या

'पुणे ते महाबळेश्वर, सेडान, किलोमीटरला १४ रुपये.' एवढं ऐकलं की बहुतेक जण मनातल्या मनात गुणाकार करून मोकळे होतात. जाऊन-येऊन २४०, तिथे पॉइंट फिरायला ७०, म्हणजे ३१० किलोमीटर, ४,३४० रुपये. परतल्यावर हातात बिल पडतं १४,८०५ चं. गंमत म्हणजे ट्रॅव्हल्सवाल्याने त्यात खोटं काहीच लिहिलेलं नसतं. दर १४ चाच असतो. तो कशाला गुणायचा, हे त्याने सांगितलेलं नसतं आणि आपण विचारलेलं नसतं.

आपल्याकडे बहुतांश गाड्या ड्रायव्हरसकट घेतल्या जातात, म्हणून आधी त्यांचा हिशेब. स्वतः चालवायच्या गाडीचं शेवटी. खालचे दर नमुन्याचे आहेत. गावागावात ते कमी-जास्त होतील, हिशेबाची रीत मात्र सगळीकडे हीच.

किमान किलोमीटर आणि 'दिवस'

बाहेरगावच्या भाड्याला रोजचे किमान किलोमीटर ठरलेले असतात, कुठे २५०, कुठे ३००. गाडी त्याहून कमी पळाली तरी पैसे तेवढ्याचे. मालकाच्या बाजूने पाहिलं तर हे रास्तच आहे. गाडी तुमच्या हॉटेलच्या आवारात उभी असली तरी त्या दिवशी ती दुसरं भाडं मारू शकत नाही, आणि तिचा बँकेचा हप्ता काही थांबत नाही.

खरा खड्डा आहे 'दिवस' मोजण्यात. आपण २४ तासांचा दिवस धरतो, ट्रॅव्हल्सवाले तारखेचा धरतात: रात्री बारा ते रात्री बारा. शुक्रवारी रात्री साडेनऊला निघालात, तर त्या अडीच तासांचाही एक पूर्ण दिवस लागतो. वरचं बिल असंच तयार झालं. किमान ३०० किलोमीटर आणि ड्रायव्हरचा भत्ता दिवसाला ४०० धरून ते असं दिसतं:

शुक्रवारी रात्री ९.३० ला निघून रविवारी रात्री ९ ला घरी
तारखा ३, म्हणून ९०० किमी × १४ = १२,६००
भत्ता ३ × ४०० = १,२००
नाइट चार्ज ३००
बेरीज १४,१००, ५ टक्के जीएसटी ७०५, एकूण १४,८०५

शनिवारी सकाळी ६ ला निघून रविवारी रात्री ९ ला घरी
तारखा २, म्हणून ६०० किमी × १४ = ८,४००
भत्ता २ × ४०० = ८००
बेरीज ९,२००, जीएसटी ४६०, एकूण ९,६६०

टोल आणि पार्किंग दोन्हीकडे वेगळं. गाडी दोन्ही वेळा सारखीच पळाली. साडेआठ तास आधी निघण्याचे ५,१४५ रुपये पडले. शुक्रवारी रात्रीच निघणं भाग असेल तर बुकिंग करतानाच 'शुक्रवारचा दिवस धरू नका, फक्त नाइट चार्ज लावा' असं ठरवून घ्या. ऐन हंगाम नसेल तर बरेच जण मान्य करतात. परतीसाठीही हेच बोलून ठेवा. रविवारी संध्याकाळी बोरघाटात किंवा खंबाटकीत अडकून घरी पोहोचायला साडेबारा वाजले, तर नव्या तारखेचे ३०० किलोमीटर लागू नयेत म्हणून मध्यरात्रीनंतर एक-दोन तासांची सवलत आधीच लिहून घेतलेली बरी.

दुसरी बारीक गोष्ट. 'सरासरी ३००' आणि 'रोज किमान ३००' हे दोन वेगळे हिशेब आहेत. पहिल्या दिवशी गाडी ५०० आणि दुसऱ्या दिवशी १०० किलोमीटर पळाली, तर सरासरीच्या हिशेबाने एकूण ६०० भरले आणि बिल झालं ८,४०० चं. रोजचा हिशेब वेगळा धरणारा पहिल्या दिवसाचे ५०० आणि दुसऱ्याचे किमान ३०० मिळून ८०० लावतो, म्हणजे ११,२००. फोनवर दोघेही 'दिवसाला तीनशे' एवढंच म्हणतात.

तीन-चार रात्री एकाच ठिकाणी राहणार असाल, तर गाडी सोबत ठेवण्यापेक्षा सोडायला एक आणि आणायला एक अशी दोन वेगळी भाडी ठरवा. चार तारखांना किमान १,२०० किलोमीटरचे १६,८०० होतात. सोडणं-आणणं प्रत्येकी ३०० ने धरलं तरी ८,४००. मधल्या दिवशी फिरायला तिथलीच टॅक्सी करा.

मीटर कुठून सुरू होतो

'गॅरेज टू गॅरेज' म्हणजे गाडी मालकाच्या ठिकाणाहून निघाली तिथपासून परत तिथे पोहोचेपर्यंतचे किलोमीटर, आणि बऱ्याचदा वेळही. तुम्ही राहता सिंहगड रोडला आणि गाडी येते भोसरीहून, तर जाता-येता चाळीस-पन्नास किलोमीटर रिकामेच पडतात. लांबच्या, किमान किलोमीटर ओलांडणाऱ्या प्रवासात ते थेट बिलात चढतात. महाबळेश्वरसारख्या छोट्या प्रवासात ते किमान किलोमीटरमध्येच जिरतात, तिथे त्यावर घासाघीस करण्यात अर्थ नाही.

गावातल्या गावात घेतलेल्या 'आठ तास ऐंशी किलोमीटर'च्या पॅकेजला मात्र हे फार बोचतं, कारण गॅरेजपासूनचा वेळही आठ तासांतच धरला जातो. लग्नाच्या कामाला गाडी सकाळी दहाला दारात उभी राहिली, तरी घड्याळ सव्वानऊला सुरू झालेलं असतं. त्यात जादा तास आणि जादा किलोमीटर हे दोन्ही स्वतंत्र लागतात. 'जे जास्त असेल ते एकच' असा समज करून घेऊ नका. मालक जवळच्या भागातला पाहा, नाहीतर 'घरापासून घरापर्यंत' असं स्पष्ट ठरवा.

गाडी दारात आल्यावर ओडोमीटरचा फोटो काढा, त्यात किलोमीटरचा आकडा स्वच्छ दिसला पाहिजे. उतरतानाही काढा. ड्रायव्हरकडे ड्यूटी स्लिप असते. तिच्यावर सुरुवातीचे आणि शेवटचे किलोमीटर, वेळ आणि टोल-पार्किंगचे रकाने असतात. शेवटी घाईत 'इथे सही करा साहेब' म्हणून ती पुढे येते. रकाने कोरे असतील तर सही करू नका. आधी भरायला लावा, सही करा आणि तिचाही फोटो काढा. बिल दोन दिवसांनी ऑफिसात बसून तयार होतं, ते या स्लिपवरूनच. मॅपवरचं अंतर आणि मीटर यांत थोडाफार फरक असतोच, त्यावरून वाद घालू नका. फरक मोठा असेल तरच बोला.

भत्ता, रात्र आणि ड्रायव्हरची झोप

भत्ता तारखेप्रमाणे लागतो, त्यात ड्रायव्हरचं जेवण आलं. राहण्याचं आलं का, ते विचारा. बऱ्याच हॉटेलांत ड्रायव्हरसाठी खोली असते. नसेल तिथे तो गाडीतच झोपतो आणि दुसऱ्या दिवशी तुम्हाला घाट उतरवतो. हॉटेल बुक करतानाच ही सोय पाहिली तर पैसेही वाचतात आणि गाडी चालवणारा माणूस जागा राहतो.

नाइट चार्ज कुठे रात्री १० ते सकाळी ६, कुठे ११ ते ५ असतो. तो प्रत्येक रात्रीचा आहे की त्या वेळेत गाडी चालली तरच, हे विचारा. गाडी रात्रभर पार्किंगमध्ये उभी असताना नाइट चार्ज लावण्याचं कारण नाही. भत्ता त्यासाठीच दिलेला असतो.

टोल: सगळ्यात सोपी चूक, सगळ्यात सोपी तपासणी

'टोल पार्किंग एक्स्ट्रा' हे वाक्य प्रत्येक कोटेशनखाली असतं. मागे रोख पावत्या असायच्या, आता फास्टॅग आहे, आणि तुमच्या बाजूने तो उत्तम पुरावा आहे. प्रत्येक नाक्याचं नाव, वेळ आणि रक्कम टॅगच्या स्टेटमेंटमध्ये येते. 'टोल अंदाजे ८००' असं लिहून आलं तर स्टेटमेंटचा स्क्रीनशॉट मागा. मालकाला तो पाठवायला एक मिनिट लागतं. त्यात काय पाहायचं ते असं.

राष्ट्रीय महामार्गाच्या नाक्यांवर २४ तासांच्या आत परत आलात तर जाण्या-येण्याचा मिळून दीडपट टोल लागतो, दुप्पट नव्हे, आणि फास्टॅगमधून परतीला आपोआप कमी रक्कम कापली जाते. बिलात एकेरी टोल गुणिले दोन दिसला, तर तो नुसता कागदावरचा गुणाकार आहे.

मुंबईच्या वेशीवरच्या पाच नाक्यांवर, म्हणजे वाशी, ऐरोली, दहिसर आणि मुलुंडकडच्या दोन्ही नाक्यांवर, हलक्या वाहनांना ऑक्टोबर २०२४ पासून टोल नाही. जुन्या एक्सेल शीटवरून बिल काढणाऱ्यांच्या यादीत तो अजूनही सापडतो.

एक्स्प्रेसवेने गेलात की जुन्या महामार्गाने, ते लक्षात ठेवा. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेचा कारसाठीचा एकेरी टोल एप्रिल २०२३ मध्ये ३२० रुपये झाला. अटल सेतू सुरू झाला तेव्हा एकेरी २५० होता. नव्या मुंबईकडून दक्षिण मुंबईत जाताना ड्रायव्हर वेळ वाचवायला सेतूवर चढतो आणि खर्च तुमच्या नावावर पडतो. मार्ग आधी ठरवा.

टॅगमध्ये शिल्लक नसल्यामुळे किंवा तो काळ्या यादीत गेल्यामुळे जादा टोल भरावा लागला, तर वरची रक्कम मालकाची. गणपतीत कोकणात जाणाऱ्या गाड्यांना राज्य सरकार टोलमाफीचे पास देतं. पास काढला असेल तर त्या मार्गाचा टोल बिलात असता कामा नये.

पार्किंगचं पावतीप्रमाणे. माथेरानला गाडी दस्तुरी नाक्यापर्यंतच जाते, मग ती तिथे जितका वेळ उभी राहील तितकं पार्किंग चढतं. दोन दिवस राहणार असाल तर गाडी परत पाठवणं परवडतं का ते पाहा. महाबळेश्वर-पाचगणीला नगरपालिकेचा प्रवासी कर माणशी असतो. तो तुमचा खर्च आहे आणि नाक्यावर तुम्हीच द्यायचा आहे. ड्रायव्हरने भरला असेल तर पावती घ्या.

वाहतुकीचं चलान मात्र तुमच्या बिलात येऊ शकत नाही. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर कॅमेऱ्यांनी वेग मोजला जातो. सपाटीवर कारला ताशी १०० आणि घाटात ६० ची मर्यादा आहे. ड्रायव्हरने ती मोडली तर दंड त्याचा आणि मालकाचा. अर्थात, 'जरा दाबा, फ्लाइट सुटेल' असं मागून कोणी म्हणत बसलं असेल, तर वाद जिंकणं जड जाईल.

राज्याबाहेर

गोवा, कर्नाटक किंवा गुजरातला जाताना 'परमिट' म्हणून एक रक्कम सांगितली जाते. अखिल भारतीय पर्यटक परवाना असलेल्या गाडीने वर्षाची फी एकदाच भरलेली असते. सीमेवर राज्याराज्याचा कर पुन्हा भरावा लागू नये, अशीच २०२३ च्या केंद्रीय नियमांची रचना आहे. ज्या गाडीला तो परवाना नाही, ती त्या त्या राज्याचा कर परिवहन पोर्टलवर ऑनलाइन भरते, आणि पावतीवर गाडीचा नंबर आणि मुदतीच्या तारखा छापून येतात. म्हणून दोनच प्रश्न: गाडीला अखिल भारतीय परवाना आहे का? नसेल तर पावती मिळेल का? मुदत सात दिवसांची घेऊन त्यात दोन भाडी उरकली असतील, तर पूर्ण रक्कम तुमच्या माथी मारण्याचं कारण नाही.

गाडी कोणती येणार, आणि डिकीत काय आहे

'अर्टिगा किंवा तत्सम' यातला 'तत्सम' नेहमी मालकाच्या सोयीचा असतो. मॉडेल, इंधन आणि सीट लिहून घ्या. इनोव्हा आणि क्रिस्टा यांचे दर वेगळे असतात. इंधन विचारण्यामागे आणखी एक कारण आहे. सीएनजी गाडीत सिलिंडर बहुधा डिकीत असतो. चार माणसं आणि चार मोठ्या बॅगा घेऊन निघालात की सामान बसत नाही. मग छतावर कॅरिअर लागतं आणि त्याचे वेगळे पैसे. वर पंपावरच्या रांगेत जाणारा वेळ तुमचाच. बॅगांची संख्या बुकिंगच्या वेळीच सांगा. 'घाटात एसी बंद' हाही नियम काही जण ऐनवेळी काढतात. दर एसीसकट आहे, संपूर्ण प्रवासात एसी चालेल, हे लिहून घ्या.

जीएसटी

ड्रायव्हर आणि इंधनासकट भाड्यावर साधारणपणे ५ टक्के लागतो. इनपुट क्रेडिट (स्वतःच्या खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट) घेणारी मोठी कंपनी जास्त दराने लावू शकते. जो नोंदणीकृतच नाही, त्याला जीएसटी घेण्याचा अधिकार नाही, आणि सेवा व्यवसायात वर्षाला २० लाखांपर्यंतच्या उलाढालीला नोंदणी सहसा लागत नाही. बिलावर जीएसटी दिसला की वर पंधरा अंकी-अक्षरी नंबरही दिसला पाहिजे. तो जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर टाकून पाहता येतो. 'बिल नको असेल तर जीएसटी नको' ही ऑफर गोड वाटते, पण पुढे काही वाद झाला तर हातात कागद उरत नाही.

हा निरोप पाठवा

हे सगळं फोनवर बोलून उपयोग नाही. व्हॉट्सॲपवर पाठवा आणि 'हो' असं लेखी उत्तर घ्या:

'नमस्कार. शनिवार सकाळी ६ ते रविवार रात्री ९, पुणे-महाबळेश्वर-पुणे, ४ माणसं, ३ बॅगा. कृपया कळवा: १) गाडीचं मॉडेल आणि इंधन, २) किमीचा दर एसीसह, ३) किमान किमी किती, एकूण सरासरीने की रोज वेगळे, ४) दिवस तारखेने की २४ तासांनी, मध्यरात्रीनंतर किती सवलत, ५) मीटर घरापासून की गॅरेजपासून, ६) भत्ता आणि नाइट चार्ज, कोणत्या वेळेत, ७) टोल फास्टॅग स्टेटमेंटप्रमाणे, पार्किंग पावतीप्रमाणे, ८) जीएसटी धरून की वेगळा, ९) रद्द केल्यास ॲडव्हान्स किती परत. यावरून टोल सोडून एकूण अंदाजे रक्कम सांगा.'

शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. तीन ठिकाणी हाच निरोप पाठवला की ११ रुपये दरवाला १४ वाल्यापेक्षा महाग कसा निघतो ते दिसतं.

स्वतः चालवायची गाडी

आधी नंबर प्लेट पाहा. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं म्हणजे भाड्याने देण्याची परवानगी असलेली सेल्फ-ड्राइव्ह गाडी. पिवळ्या पाटीवर काळी अक्षरं म्हणजे टॅक्सी. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी कोणी 'ओळखीतली आहे' म्हणून देत असेल, गोव्यात हे सर्रास चालतं, तर घेऊ नका. खासगी गाडीचा विमा भाड्याच्या वापराला लागू होत नाही, त्यामुळे अपघातात सगळा खर्च तुमच्या गळ्यात पडू शकतो. पोलिसांनी धरलं तर सुट्टी तिथेच संपते.

इथे दर स्वच्छ दिसतो आणि जादा पैसे गाडी परत करताना निघतात. करारात किलोमीटरची मर्यादा आणि पुढच्या प्रत्येक किलोमीटरचा दर शोधा. उशिराचा दंड तासाच्या भाड्याच्या दुप्पट-तिप्पटही असतो; उशीर होणार असेल तर मुदत संपण्याआधीच ॲपवर वाढवून घ्या, तो दर कमी पडतो. इंधन जेवढं होतं तेवढंच परत द्यायचं असेल, तर शेवटच्या पंपाची पावती ठेवा. घरपोच डिलिव्हरी, विमानतळावर गाडी घेणं, दुसरा चालक आणि राज्याबाहेर नेणं यांचे पैसे बहुधा वेगळे असतात. चलान मात्र इथे तुमचंच, आणि ते बऱ्याचदा डिपॉझिटमधून कापलं जातं. कापलं असेल तर चलान क्रमांक मागा आणि तारीख-वेळ तुमच्या ताब्यातली आहे का ते पाहा.

'फुल इन्शुरन्स' ऐकून हुरळू नका. टायर, रिम, काचा, गाडीचा खालचा भाग, हरवलेली किल्ली आणि चुकीचं इंधन हे बहुतेक करारांत वगळलेलं असतं. शिवाय दुरुस्तीसाठी गाडी वर्कशॉपमध्ये जितके दिवस राहील तितक्या दिवसांचं भाडंही मागितलं जातं. ते कलम आहे का आणि कमाल रक्कम किती, हे सही करण्याआधी वाचा.

गाडी ताब्यात घेताना पाच मिनिटांचा सलग व्हिडिओ काढा, उजेडात. बाहेरून एक पूर्ण फेरी, मग छत, चारही रिम जवळून, पुढच्या बंपरची खालची कड (खरचटलेली हमखास असते आणि वाकल्याशिवाय दिसत नाही), काचेवरचे बारीक टवके, स्टेपनी, जॅक, सीटवरचे डाग. शेवटी इंजिन चालू करून किलोमीटर आणि इंधनाचा काटा. दिसलेला प्रत्येक ओरखडा चेकलिस्टवर लिहायला लावा. तळघरातल्या पार्किंगमध्ये रात्री गाडी देत असतील तर ती उजेडात आणायला सांगा. परत करतानाही असाच व्हिडिओ घ्या आणि 'काही नुकसान नाही' असं तिथल्या तिथे लेखी घ्या, कारण डिपॉझिटला कात्री तीन दिवसांनी लागते.

कात्री लागलीच, तर आधी लेखी तपशील आणि दुरुस्तीचं बिल मागा, फोटोसकट. उत्तर आलं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ क्रमांकावर तक्रार नोंदवा. बऱ्याच कंपन्या या टप्प्यावरच पैसे परत करतात. ॲपवर शेवटच्या पानावर अचानक वाढलेली फी किंवा न विचारता जोडलेला विमा दिसला, तर त्याचा स्क्रीनशॉट जोडा. असे प्रकार नोव्हेंबर २०२३ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार ग्राहकाची फसवणूक करणाऱ्या पद्धतींत मोडतात. त्यानेही काम झालं नाही, तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत ऑनलाइन तक्रार करता येते. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला त्यासाठी फी नाही.